तो संताप आंधळा नव्हता

महामारी ओसरली आणि त्या काळाबद्दल बोलण्याची एक सोयीस्कर रीत आपल्याकडे रूढ झाली. ‘लोक घाबरलेले होते. घरात कोंडलेले, हातात मोबाइल, रोज वाढत जाणारे आकडे. जो तो दुसऱ्यावर घसरत होता. चुकलं सगळ्यांचंच, आता ते उगाळण्यात काय अर्थ?’ असं म्हणणारी माणसं बहुधा समंजस असतात. कुणाचं मन दुखवावं अशी त्यांची इच्छा नसते. म्हणून त्यांचं म्हणणं ऐकणाऱ्याला लगेच पटतं. मला ते मान्य नाही, कारण ते खरं नाही. समाजमाध्यमांवरचा तो राग दिसेल त्याच्यावर निघाला नाही. तो पत्ता शोधून जात होता. 2020 च्या मार्च ते मे या महिन्यांत तो मजुरांवर निघाला, मुसलमानांवर निघाला, झोपडपट्टीत राहणाऱ्यांवर निघाला, रुग्णालयातल्या कामावरून घरी परतणाऱ्या नर्सवर निघाला, ज्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला त्याच्यावर निघाला. ज्यांच्या सहीने देश बंद झाला होता त्यांच्यापर्यंत तो क्वचितच पोचला. वर्षभराने दुसऱ्या लाटेत तो वरच्या दिशेने वळला, आणि नेमकं तेव्हा आपल्याला ‘नकारात्मकता पसरवू नका’ असं सांगण्यात आलं. या दोन संतापांना एकच नाव देऊन दोन्हींवर पडदा टाकणं हा त्या काळात भरडल्या गेलेल्यांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

वांद्र्याचं घ्या. 14 एप्रिल 2020. पहिल्या टाळेबंदीचा तो शेवटचा दिवस असणार होता. सकाळी पंतप्रधानांनी मुदत 3 मेपर्यंत वाढवली. दुपारनंतर वांद्रे स्थानकाबाहेर, पश्चिमेच्या बाजूला, हजारावर परप्रांतीय मजूर जमले. पोलिसांनी लाठीमार करून त्यांना पांगवलं. ती दृश्यं संध्याकाळच्या आत राज्यभरच्या मोबाइलवर पोचली आणि त्यांच्यासोबत दोन प्रश्न फिरू लागले: गावी निघालेल्यांजवळ सामान कुठे आहे, आणि गर्दी मशिदीसमोरच का? या दोन प्रश्नांवर रात्रभर मजकूर पडत राहिला. कुणी त्यात कट पाहिला, कुणी ‘यांना गोळ्या घाला’ इथपर्यंत गेलं. लिहिणारे गुंड नव्हते. शिकलेले, पगारदार, घरात बसून पगार मिळणारे लोक होते.

मशीद स्थानकाजवळच आहे. ज्याने वांद्रे पश्चिमेला एकदा पाय ठेवला आहे त्याला हे माहीत असतं. त्या दिवशी ती तिथे कुणी आणून ठेवली नव्हती. आणि सामानाचं म्हणाल तर गाडी खरंच सुटते आहे का, हे पाहायला माणूस आधी मोकळ्या हाताने जातो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. गाड्या सुटतील ही आशा त्या लोकांच्या मनात कुठून आली? अफवांचा भाग होताच, रेल्वेच्या अंतर्गत पत्राच्या आधारे दिलेली एक बातमीही होती. त्याहून मोठा भाग असा की 15 एप्रिलनंतरच्या गाड्यांचं आरक्षण रेल्वेने सुरूच ठेवलं होतं. देशभरात लाखो तिकिटं विकली गेली होती आणि ती त्या दिवशी रद्द झाली. रेल्वे तिकीट विकत असेल तर गाडी सुटेल असं समजणाऱ्या मजुराला मूर्ख म्हणायचं, देशद्रोही म्हणायचं, आणि तिकीट विकणाऱ्या यंत्रणेला एक प्रश्नही विचारायचा नाही. एका बातमीदाराला अटक झाली, लोकांना भडकवल्याच्या आरोपावरून आणखी एकाला झाली, मजुरांवर गुन्हे नोंदवले गेले. आरक्षण का चालू ठेवलं, याचा जाब समाजमाध्यमांवरच्या त्या संतप्त जमावातल्या किती जणांनी मागितला?

दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा माणूस ‘घरी थांबा’ हा आदेश कसा पाळणार, हाही प्रश्न होता. एरवी अर्धे कामावर असतात म्हणून त्या खोलीत बाकीच्यांना पाठ टेकता येते. काम बंद म्हणजे सगळे एकाच वेळी खोलीत. मजुरी बंद, खानावळ बंद, रेशनकार्ड गावाकडचं. यातली एकही गोष्ट गुप्त नव्हती. मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक होती, कारण याच लोकांनी त्याची इमारत बांधली होती आणि त्याच्या घराचं रंगकाम केलं होतं.

आता ‘सगळा गोंधळ समाजमाध्यमांनी घातला’ या म्हणण्याकडे येतो. हे म्हणणं नुसतं गप्पांमधलं नाही, ते सरकारी कागदावर आहे. सप्टेंबर 2020 मध्ये गृह मंत्रालयाने लोकसभेत लेखी उत्तर दिलं की टाळेबंदीच्या मुदतीबद्दल पसरलेल्या खोट्या बातम्यांमुळे घबराट झाली आणि त्यातून मजुरांचं स्थलांतर सुरू झालं. टाळेबंदीची घोषणा 24 मार्चला रात्री आठ वाजता झाली आणि मध्यरात्रीपासून ती लागू झाली. मधे चार तास. दुसऱ्या दिवसापासून हाताला काम नाही, हे कळण्यासाठी कुणाला खोट्या बातमीची गरज होती? उपासमारीची भीती खऱ्या बातमीतच होती. त्याच अधिवेशनात श्रम मंत्रालयाने दोन गोष्टी सांगितल्या. एक कोटीहून जास्त मजूर आपापल्या राज्यांत परतले, आणि परतताना किती जण दगावले याची माहिती सरकारकडे नाही. स्थलांतराचं कारण ठामपणे सांगता येतं आणि मेलेल्यांची मोजदाद मात्र करता येत नाही, हे मला क्षम्य वाटत नाही.

त्या न मोजलेल्यांपैकी सोळा जण आपल्या मातीत गेले. 8 मे 2020 च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली ते चिरडले गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर होते. गाडी मिळेल या आशेने भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाले, थकून तिथेच झोपले. गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत होती. रस्त्याने गेलं तर पोलीस अडवतात, म्हणून रूळ. दिवस वर आला तसा मोबाइलवर प्रश्न फिरू लागला: रुळावर कोण झोपतं? आठवड्याभराने मजुरांबाबतची याचिका फेटाळताना लोक रुळांवर झोपले तर ते कसं थांबवणार, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही विचारला गेला. पुढे मे अखेरीस त्याच न्यायालयाने स्वतःहून मजुरांचा प्रश्न हाती घेतला, त्यांच्याकडून भाडं घेऊ नये असं सांगितलं, आणि 9 जूनला टाळेबंदी मोडल्याबद्दल मजुरांवर झालेले गुन्हे मागे घेण्याचा विचार करा असं राज्यांना बजावलं. न्यायालयाने आपली दिशा तीन-चार आठवड्यांत बदलली. रुळावर कोण झोपतं असं विचारणाऱ्यांनी आपला प्रश्न मागे घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

दिल्लीत निजामुद्दीनच्या मरकजमध्ये झालेल्या तबलिगी जमातच्या कार्यक्रमाबद्दल बोलताना पहिली गोष्ट आधी मान्य करतो. मार्चच्या मध्यावर दिल्ली सरकारने मोठ्या जमावांवर बंदी घातलेली असताना इतक्या लोकांना एका इमारतीत राहू देणं ही आयोजकांची बेपर्वाई होती. ती चूक होती, तिची चौकशी व्हायलाच हवी होती. पण टीका तिथे थांबली का? मार्चच्या अखेरीस ‘कोरोना जिहाद’ हे शब्द देशात सर्वांत जास्त फिरणाऱ्या शब्दांत गेले. कुठलीतरी जुनी, भलत्याच ठिकाणची दृश्यं दाखवून फळांवर थुंकल्याचे व्हिडिओ पसरवले गेले. अनेक ठिकाणी हातगाडीवाल्या भाजीविक्रेत्याला नाव विचारून गल्लीबाहेर काढलं गेलं. एका संस्थेची चूक कोट्यवधी माणसांच्या अंगावर चिकटवली गेली, आणि ती चिकटवणारे हात बहुतेक आपल्या ओळखीचेच होते. नातेवाइकांच्या ग्रुपवर, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, सकाळच्या सुविचाराच्या पाठोपाठ तो मजकूर येत होता.

‘पण आकडे तर सरकारच देत होतं’ असं यावर सांगितलं जातं. देत होतं. 18 एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की देशातले सुमारे 30 टक्के रुग्ण या एका कार्यक्रमाशी जोडलेले आहेत. हा आकडा खोटा होता असं मी म्हणत नाही. तो कसा तयार झाला ते पाहा. त्या दिवसांत देशात चाचण्या फार थोड्या होत होत्या. परदेशातून आलेले, त्यांच्या संपर्कातले, आणि मरकजशी संबंध असलेले यांना शोधून शोधून तपासलं जात होतं. जिथे शोधाल तिथे सापडतात. इतर कुठल्याही मेळाव्यातल्या, लग्नातल्या, जत्रेतल्या माणसांचा असा माग काढून त्यांचा वेगळा रकाना रोजच्या पत्रकार परिषदेत वाचून दाखवला असता तर टक्केवारी तिथेही फुगली असती. रुग्णांची अशी धर्मानुसार विभागणी करू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या आपत्कालीन विभागाच्या प्रमुखांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. आपल्याच आरोग्य मंत्रालयाने 8 एप्रिलला कुठल्याही समाजावर ठपका ठेवू नये असं पत्रक काढलं. पत्रक कुणी पुढे पाठवलं नाही. टक्केवारी मात्र सगळ्यांनी पाठवली.

आणि मग 21 ऑगस्ट 2020 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा निकाल आला. अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे दाखल झालेल्या 29 परदेशी तबलिगींवरचे, आणि त्यांना आसरा दिल्याचा आरोप असलेल्या भारतीयांवरचे गुन्हे न्यायालयाने रद्द केले. या परदेशी नागरिकांना बळीचा बकरा केलं गेलं आणि त्यांच्याविरुद्ध माध्यमांतून मोठा अपप्रचार झाला, असं न्या. नलावडे यांनी निकालात नमूद केलं. खंडपीठावरचे दुसरे न्यायमूर्ती सेवलीकर यांनी गुन्हे रद्द करण्याला संमती दिली, पण सहकाऱ्याच्या काही निरीक्षणांशी ते सहमत नव्हते. हेही सांगायला हवं, कारण अर्धं सत्य सांगण्याची सवयच मी इथे दोषी धरतो आहे. मात्र गुन्हे टिकण्यासारखे नव्हते याबद्दल दोघांचं एकमत होतं. ज्या ग्रुपांवर एप्रिलमध्ये रोज नवा व्हिडिओ येत होता, तिथे ऑगस्टमध्ये हा निकाल किती जणांनी टाकला? आपलं राज्य, आपलं न्यायालय, आपल्याच एका जिल्ह्यातलं प्रकरण, आणि तरीही त्यावर जवळजवळ पूर्ण शांतता होती.

पालघरचं प्रकरण याच पठडीतलं. 16 एप्रिलच्या रात्री गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारे, किडनी काढणारे फिरताहेत ही अफवा त्या भागात पसरली होती. अफवेने तीन माणसं मारली. त्यानंतर समाजमाध्यमांनी दुसरी अफवा उभी केली की मारणारे मुसलमान होते. शेवटी गृहमंत्र्यांना अटक झालेल्या 101 जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही असं सांगावं लागलं. गुन्हेगाराचा धर्म काय, हे राज्याच्या गृहमंत्र्यांना यादी लावून सांगावं लागतं, इतकी आपण मजल मारली.

‘भीती स्वाभाविक होती’ असं म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मी गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, हा राग कडवट असेल, पण त्यानेच लोकांना घरात ठेवलं. नियम मोडणाऱ्याला चारचौघांत लाज वाटली म्हणून साथ आटोक्यात राहिली. मुद्दा बिनतोड वाटतो, पण धारावीने तो खोटा ठरवला. 1 एप्रिल 2020 ला तिथे पहिला रुग्ण सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आतबाहेर जागा, काही लाख वस्ती, बहुतेकांना सार्वजनिक शौचालय वापरण्यावाचून पर्याय नाही. ‘धारावी मुंबईला बुडवणार’ हे भाकीत महिनाभर चाललं, धारावीकरांच्या बेशिस्तीचे व्हिडिओ फिरत राहिले. प्रत्यक्षात तिथे काय उपयोगी पडलं? महापालिकेचे कर्मचारी, आशा सेविका आणि वस्तीतले खासगी डॉक्टर दारोदार गेले. ताप दवाखाने निघाले. शाळा आणि क्रीडासंकुलं विलगीकरणासाठी घेतली गेली, तिथे जेवण दिलं गेलं. शौचालयं दिवसातून अनेकदा धुतली गेली. 10 जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी साथ आटोक्यात आणता येते याचं उदाहरण म्हणून इटली, स्पेन, दक्षिण कोरिया यांच्यासोबत धारावीचं नाव घेतलं. यातली कुठली गोष्ट लाजवल्यामुळे झाली? उलट, ज्याला आपलं नाव आणि पत्ता गावभर होईल अशी धास्ती असते तो ताप लपवतो. राज्यातले पहिले दोन रुग्ण 9 मार्चला पुण्यात सापडले तेव्हापासून रुग्णांची ओळख फोडण्याचा जो उद्योग सुरू झाला, त्याने साथीशी लढणाऱ्या माणसांचं काम अवघडच केलं.

आता दुसरा संताप. एप्रिल 2021. राज्यात एका दिवसात 68 हजारांहून जास्त रुग्ण, देशात महिनाअखेरीस चार लाख. नाशिकमध्ये 21 तारखेला महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब कमी झाला आणि 22 रुग्ण गुदमरून गेले. दोन दिवसांनी विरारच्या रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि तिथले रुग्ण गेले. त्या दिवसांत समाजमाध्यमांवर जे लिहिलं जात होतं ते आठवून पाहा. रुग्णाचं वय, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, शहर, फोन नंबर, ‘खाट मिळेल का’. कुठल्या दुकानात रेमडेसिव्हिर आहे, कुठला नंबर उचलला जातो, कुठला नाही. अनोळखी पोरंपोरी रात्रभर जागून हे नंबर तपासत होती. राग त्यातही होता, आणि भरपूर होता. पण त्या रागाला मागणी होती, तपशील होता, खरंखोटं करता येईल असा मजकूर होता, आणि तो ज्याने उत्तर द्यायला हवं त्यालाच विचारत होता.

त्याला मिळालेलं उत्तर कसं होतं? उत्तर प्रदेशात समाजमाध्यमावरून ऑक्सिजनसाठी मदत मागणाऱ्या एका तरुणावर गुन्हा दाखल झाला. केंद्राच्या सांगण्यावरून ट्विटरने पन्नासेक संदेश झाकले. त्यातले काही दिशाभूल करणारे असल्याचं सरकारचं म्हणणं होतं, पण सरकारवर निव्वळ टीका करणारेही त्यांत होते. अखेर 30 एप्रिलला न्या. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाला सांगावं लागलं की नागरिक समाजमाध्यमांवर आपली अडचण मांडत असतील तर ती माहिती दडपणं हा न्यायालयाचा अवमान मानला जाईल. हे फक्त दिल्लीचं किंवा लखनौचं पाप नाही. आपल्या राज्यातही मे 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी जमावबंदीच्या कलमाखाली एक आदेश काढला होता, ज्यात सरकारी यंत्रणा आणि तिच्या उपायांबद्दल अविश्वास निर्माण करणारा मजकूर टाकण्यावर बंदी होती. सत्तेवरचे पक्ष वेगळे होते, भाषा तीच होती. आणि जुलै 2021 मध्ये केंद्रीय आरोग्य राज्यमंत्र्यांनी, ज्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या, राज्यसभेत उत्तर दिलं की ऑक्सिजनच्या तुटवड्याने मृत्यू झाल्याचं राज्यांनी वेगळं असं कळवलेलं नाही. ज्यांनी एप्रिलमध्ये आपली हाक लिहून ठेवली नसती, त्यांच्या माणसांचा मृत्यू या उत्तराने कायमचा पुसला गेला असता. म्हणून मी त्या संतापाला गोंधळ म्हणू देणार नाही. तो पुरावा आहे.

साथीच्या काळातला असा वाद महाराष्ट्राला नवा नाही. ज्या साथरोग कायद्याचा 2020 मध्येही आधार घेतला गेला, तो 1897 मध्ये मुंबईच्या प्लेगनंतर इंग्रजांनी केलेला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे सोजीर घराघरांत शिरत होते, तेव्हा लोकांच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून मांडल्या जात होत्या. टिळकांनी स्वतः पुण्यात राहून प्लेगचं रुग्णालय चालवायला मदत केली आणि सरकारच्या अरेरावीवर लिहिलंही. रँडच्या खुनानंतर ‘केसरी’तल्या जूनच्या अंकातल्या मजकुरावरून त्यांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. सत्तेला प्रश्न विचारणं म्हणजे लोकांना भडकवणं, हे समीकरण तेव्हापासूनचं आहे.

पण त्याच वर्षातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप केला. परत आल्यावर त्याला पुरावा देता येईना. सांगणारे पुढे येईनात. ऑगस्ट 1897 मध्ये गोखल्यांनी वर्तमानपत्रांतून जाहीर माफी मागितली. त्यांचा आरोप साम्राज्याच्या सैन्यावर होता, दुबळ्यावर नव्हता. तरीही सिद्ध करता येत नाही म्हटल्यावर, स्वकीयांची निंदा सोसून, ज्या मार्गाने आरोप गेला होता त्याच मार्गाने त्यांनी तो मागे घेतला.

वांद्र्याच्या मजुरांबद्दल, नगरच्या मशिदींत थांबलेल्या पाहुण्यांबद्दल, करमाडच्या सोळा जणांबद्दल आपण जे पुढे पाठवलं ते सैन्याबद्दल नव्हतं. ज्यांना उलट उत्तर देता येत नव्हतं अशा माणसांबद्दल होतं. ‘सगळेच चुकले’ म्हणून मोकळं होणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की ते ग्रुप अजून आहेत, आणि त्यांतली माणसंही तीच आहेत. जे खोटं निघालं ते खोटं होतं, असं तिथेच, त्याच लोकांसमोर, स्वतःच्या नावाने लिहा.